मान दुखली, बाकी काही वाटलं नाही

पत्र:

ताई, नमस्कार. ६ वर्षांपूर्वी आम्ही ग्रुप टूरनं युरोप केलं. व्हॅटिकनमधे गाईड छत्री वर धरून पळत होता आणि आम्ही ३८ जण त्याच्या मागे. सिस्टीन चॅपलमधे १२-१५ मिनिटं मिळाली. वर बघितलं, मान दुखली, पर्स सांभाळली, बाहेर आलो. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. बाजूला एक बाई चक्क रडत होती आणि मला टॉयलेट कुठे असेल एवढाच प्रश्न पडला होता. आता दिवाळीच्या सुट्टीत परत इटलीला चाललोय, या वेळी आपलं आपण, ९ रात्री. मी, नवरा (बांधकाम काँट्रॅक्टर, त्याच्या मते सगळी चर्च सारखीच), मुलगी नववीत आणि सासूबाई, वय ७१. नवऱ्यानं एक्सेल शीट केलीय, मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स, एकूण ३१ स्पॉट. मला या वेळी ती रेनेसाँची चित्रं खरंच बघायचीत, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आधी एखादा ऑनलाईन कोर्स करू का? की आपला तो प्रांतच नाही? आणि अजून एक, तिथे सगळीकडे उघडेनागडे पुतळे. मुलगी आणि सासूबाई दोघी बरोबर असताना कसंतरीच होतं.
– एक वाचक, ठाणे

उत्तर:

अहो, लाज कसली त्यात! ज्या छताखाली तुमची मान दुखली ते रंगवणाऱ्याचीही मान दुखतच होती. मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ ते काम केलं, आणि आडवं पडून नाही बरं का (ते आपल्या डोक्यात कुणी भरवलंय कुणास ठाऊक), परांचीवर उभं राहून, डोकं मागे टाकून. काम चालू असतानाच त्यानं एका मित्राला कविता लिहून पाठवली, त्यात नुसती रड आहे, गळा सुजलाय, पोट हनुवटीला टेकलंय, दाढी आभाळाकडे, ब्रशमधला रंग टपटप तोंडावर पडतोय, आणि शेवटी काय म्हणतो तर मी चुकीच्या जागी आलोय, मी काही पेंटर नाही. म्हणजे बघा, "मला यातलं कळत नाही" हे त्या खोलीत म्हणणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. आणि ती रडणारी बाई कशानं रडत होती देव जाणे, तिचा ग्रुप हरवला असेल.

कोर्स वगैरे नको. मी केला होता. पहिल्यांदा गेले तेव्हा वहीत नोट्स, कुठला पेंटर कधी जन्मला, कुणाचा गुरू कोण, सगळं पाठ, आणि फ्लॉरेन्सच्या उफिझी म्युझियममधे शिरल्यावर दीड तासात माझी अवस्था अशी की मी चित्रांपेक्षा बसायला बाक कुठे आहे ते बघत होते. बोत्तिचेल्लीच्या व्हीनससमोर, ती शिंपल्यात उभी असलेली, तिच्यासमोर आमचं नवरा-बायकोचं भांडण झालं, पाण्याची बाटली कुणी हॉटेलवर विसरली यावरून. व्हीनसचे केस उडतात आणि तिची मान जरा जास्तच लांब आहे, एवढंच लक्षात राहिलं. तर तुमच्यात काही कमी नाहीये, बघायची पद्धतच चुकतेय, आणि ती आपल्या सगळ्यांची चुकते कारण आपण यादी घेऊन जातो.

मला कधी कळलं सांगू का. दुसऱ्या वेळी आई बरोबर होती, तेव्हा ती ७० ची, शाळा सातवीपर्यंत. व्हेनिसमधे सान झक्कारिया म्हणून चर्च आहे, त्या प्रसिद्ध चौकापासून चालत पाच मिनिटांवर. आत डाव्या भिंतीला बेल्लिनीचं मोठं चित्र, १५०५ सालचं. चर्चमधे अंधार होता, चित्र नीट दिसेना. मग बघितलं तर खाली एक पेटी, नाणं टाका की दिवा लागतो. टाकलं. आणि एकदम समोर एक खोलीच उघडल्यासारखी झाली, मधे मेरी मांडीवर बाळ घेऊन उंच बसलेली, पायाशी एक पोरगी (एंजल असणार, पण पोरगीच दिसते) व्हायोलिनसारखं काहीतरी वाजवतेय, आणि दोन्ही बाजूंना चार माणसं, उभी, गप्प, कुणी कुणाकडे बघत नाहीये. आई म्हणाली, "किल्ल्या कुणाकडेत बघ. हा कोठीवाला असणार." आता तो पीटर, स्वर्गाच्या किल्ल्या त्याच्याकडे, म्हणजे कोठीवालाच की! मग आमचं सुरूच झालं. मोडक्या चाकाशेजारची ती कॅथरीन, तिला चाकावर मारायचं ठरलं होतं. हातात काचेचं भांडं आणि त्यात डोळे, ती लूसी. लाल कपड्यातला म्हातारा जाडजूड पुस्तकात डोकं घालून, तो जेरोम. आई म्हणाली हे आपल्यासारखंच आहे, कमरेवर हात दिसले की विठोबा, उंदीर दिसला की गणपती. आणि तेवढ्यात खट्! दिवा गेला. सगळं काळं. आई हळूच म्हणाली, "देव झोपले वाटतं."

आम्ही अजून तीन नाणी टाकली. तिसऱ्या वेळी आईनं दाखवलं की चित्रातले रंगवलेले खांब आणि बाहेरच्या फ्रेमचे खरे दगडी खांब एकसारखे आहेत, म्हणून ती खोली चर्चचाच एक कोनाडा वाटते. माझ्या नोट्समधे हे नव्हतं, म्हणजे असेलही, पण मला दिसलं नव्हतं. हे चित्र नेपोलियनच्या माणसांनी उचलून पॅरिसला नेलं होतं, नंतर परत आलं. पॅरिसला भिंतीवर ते कसं दिसलं असेल याचा मी तेव्हा विचार केला, खांबाला खांब जुळायला तिथे काय होतं?

म्हणून माझा सल्ला एवढाच आहे की जी चित्रं अजून आपल्या मूळ जागेवर आहेत ती आधी बघा, म्युझियम नंतर आणि एखादंच. म्युझियममधलं चित्र म्हणजे देवघरातून काढून कपाटात लावलेली तसबीर, ती सुंदर असते पण तिच्यासमोर काय करायचं ते कळत नाही. जागेवरचं चित्र मात्र तुम्हाला कुठे उभं राहायचं ते स्वतःच सांगतं. व्हेनिसमधेच फ्रारी चर्चमधे तिशियनची लाल कपड्यातली मेरी वर आकाशात चाललीय, जवळजवळ ७ मीटर उंच चित्र, दारातून आत आलात की मधल्या दगडी कमानीतून थेट तीच दिसते. ते काढून शंभरेक वर्षं म्युझियममधे ठेवलं होतं, १९१९ ला परत जागेवर आणलं, म्हणजे तिथल्या लोकांनाही अक्कल यायला वेळ लागला.

आता ती एक्सेल शीट. नवऱ्याचा मान राखून सांगते, ३१ मधले २० उडवा. मिलान, पिसा, नेपल्स गेले. व्हेनिसला उतरा, रोमहून परत या, व्हेनिस २ रात्री, फ्लॉरेन्स ४, रोम ३. मधले प्रवास ट्रेननं, पहिला दोन तासांच्या थोडा वर, दुसरा दीडेक तास. वाटेत जमलं तर पादुआला उतरा, व्हेनिसपासून अर्धा तास, तिथे जॉत्तोनं १३०५ च्या सुमारास आख्खं चॅपल रंगवलंय, छत गडद निळं आणि त्यावर चांदण्या. आत जायच्या आधी १५ मिनिटं एका काचेच्या खोलीत बसवतात, आपल्या अंगावरची धूळ, दमटपणा आत जाऊ नये म्हणून, आणि मग १५ मिनिटं आत. स्लॉट आधी बुक करावा लागतो. सासूबाईंना ही काचेची खोली आवडेल, एसी असतो आणि सक्तीनं बसायला मिळतं.

मिलान उडवायला सांगितलं म्हणून तुम्ही म्हणाल, अहो ताई लास्ट सपर (येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण)? त्याचं तिकीट महिनोन् महिने आधी संपतं, आणि मिळालं तरी १५ मिनिटं. शिवाय लिओनार्दोनं तिथे एक घोळ करून ठेवलाय. हा भाग नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवा, कारण हे त्याच्या धंद्यातलं आहे. खरा फ्रेस्को म्हणजे चुन्याचा ओला गिलावा, तो ओला आहे तोवरच रंग द्यायचा, म्हणजे चुन्याबरोबर रंग भिंतीत मुरतो आणि भिंतीचाच होतो. त्यामुळे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. निरखून बघितलं तर त्या दिवसादिवसाचे सांधे अजून दिसतात, एका डोक्याभोवती एक, निळ्या आकाशाला एक, काँट्रॅक्टर माणसाला तर लगेच दिसतील. लिओनार्दोला घाई जमायची नाही, त्यानं कोरड्या भिंतीवर रंग लावले, आणि त्याच्या हयातीतच पोपडे सुटायला लागले. शेवटचं रिस्टोरेशन १९७८ ते १९९९, एकवीस वर्षं! आपली अजिंठ्याची चित्रंही कोरड्या गिलाव्यावरचीच आहेत, आणि गंमत म्हणजे १९२० च्या सुमारास निजामानं ती नीट करायला इटलीहूनच माणसं बोलावली, त्यांनी वरून लाखेचं व्हार्निश दिलं, ते पुढे पिवळं पडलं आणि ते काढायला आपल्या लोकांना किती वर्षं घासत बसावं लागलं. असो.

तर लास्ट सपरऐवजी फ्लॉरेन्समधे सान्त'अपोलोनियाच्या जुन्या मठात जा. कास्तान्योनं १४४७ मधे नन्सच्या जेवणाच्या खोलीत तोच प्रसंग रंगवलाय, मी गेले तेव्हा आत आम्ही तिघं आणि एक पेंगणारा गार्ड. ज्यूडास, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला एकटा बसलाय, आणि त्याच्या डोक्यामागची संगमरवराची फरशी तेवढी पिसाळल्यासारखी, लाल-काळ्या लाटा, बाकीच्या फरशा त्या मानानं शांत. नन्स रोज त्याच्याखाली बसून जेवायच्या, आणि बाहेरच्या कुणाला शतकानुशतकं पत्ताच नव्हता कारण मठ बंद होता. तिथे अर्धा तास बसलात तरी कुणी उठवत नाही.

फ्लॉरेन्समधला माझा जीव मात्र सान मार्कोत अडकलाय. तोही मठच, भिक्षूंचा. जिना चढून वर जाताना शेवटच्या पायऱ्यांवर डोकं वर केलं की समोर फ्रा अँजेलिकोची भिंत, देवदूत मेरीला निरोप सांगायला आलाय की तुला मूल होणार आहे. ती साध्या लाकडी स्टुलावर बसलीय, हात छातीशी, दोघं एकमेकांकडे जरासे वाकलेले. देवदूताच्या पंखांवर रंगांचे पट्टे आहेत, बाकी सगळं रिकामं, भिंती, खांब, थोडं गवत. खाली एक ओळ लिहिलीय, तिचा अर्थ असा की इथून जाताना नमस्कार म्हणायला विसरू नकोस. बास! भिक्षू झोपायला चाललेत, दमलेत, त्यांना आठवण करून द्यायची, एवढंच त्या चित्राचं काम. आणि मग दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत एक खिडकी आणि एक चित्र. दुसरं काहीच नाही. एका खोलीत जा आणि थोडा वेळ थांबा, मागचे लोक पुढे जातील. हे चित्र एकाच माणसासाठी काढलेलं आहे, त्यानं ते रोज बघायचं होतं, त्याला कुणी विचारलं नाही की तुला आर्ट कळतं का. दुपारी लवकर बंद होतं म्हणून सकाळीच जा, आणि कुठल्या दिवशी बंद ते आधी तपासून.

मुलीला नदीपलीकडे ब्रांकाच्ची चॅपलला न्या. तिथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे. आत शिरताना उजवीकडच्या खांबावर मासोलिनोचे अ‍ॅडम आणि ईव्ह झाडाखाली उभे, जणू कुणाच्या तरी लग्नाला आलेत, चेहऱ्यावर काहीच नाही. समोरच्या खांबावर मसाच्चोचे तेच दोघं, आता बागेतून हाकलून दिलेले, त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय, तिचं तोंड उघडं, ओरडून रडतेय, डोळे म्हणजे नुसत्या दोन खाचा. साधारण १४२५-२७ मधलं काम. दोन खांबांमधे काही पावलांचं अंतर, मुलीला काही समजावू नका, फक्त विचारा यातलं कुणाचं खरं वाटतं. मसाच्चो गेला तेव्हा जेमतेम सव्वीस-सत्तावीसचा होता. पुढे पोरगा असताना मायकेलअँजेलो इथेच चित्रं उतरवून घेत बसायचा, आणि बरोबरच्या एकाला चिडवलं म्हणून ठोसा खाऊन नाक कायमचं मोडून घेतलं, ही गोष्ट नववीतल्या पोरांना लगेच पटते.

आता नागडेपणा. मसाच्चोचे हे दोघं नागडेच आहेत, पण मला सांगा, त्यानं झाकलंय काय? तोंड! पुढे १६८० च्या सुमारास फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेडिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोला तुमच्यासारखंच कसंतरी झालं, त्यानं दोघांना पानं रंगवून घेतली, ती पानं १९८० च्या दशकात रिस्टोरेशनमधे पुसून काढली. सिस्टीनमधेही तेच, समोरच्या भिंतीवरच्या लास्ट जजमेंटमधल्या (शेवटच्या न्यायदिवसाचं चित्र) नागड्या लोकांना १५६५ मधे दानिएले नावाच्या पेंटरकडून कपडे घालून घेतले आणि त्या बिचाऱ्याला रोमवाल्यांनी कायमचं चड्डीवाला नाव पाडलं. तेव्हा तुम्हाला अवघडल्यासारखं झालं तर होऊ दे, पोपच्या लोकांनाही झालं होतं. मुलीला तुमच्यापेक्षा कमी होईल, आणि सासूबाईंनी मंदिरांच्या बाहेरच्या भिंती तुमच्याआधी बघितल्यात.

हा तिसरा कोसिमो तसा आपल्या ओळखीचाच बरं का. गोव्यात जुन्या गोव्याच्या बॉम जेझूमधे सेंट झेवियरची ती उंच संगमरवरी समाधी आहे ना, ती यानंच फ्लॉरेन्सहून पाठवली, फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराकडून करवून, १६९८ मधे ती बसवली गेली. आणि याची मुलगी आन्ना मारिया लुइसा, घराण्यातली शेवटची, मूलबाळ नव्हतं, तिनं १७३७ मधे करार केला की आमच्या घरातली सगळी चित्रं, पुतळे फ्लॉरेन्सलाच राहतील, शहराबाहेर काहीही जाणार नाही. राज्य गेलं, बाईनं सामान वाचवलं. उफिझीत जाल तेव्हा हिची आठवण ठेवा. आणि उफिझीत जायचंच असेल तर दोन तास, पाच चित्रं, बाहेर.

नवरा कंटाळला तर त्याला फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चच्या घुमटावर पाठवा. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, सासूबाई आणि तुम्ही खाली कॉफी प्या. ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ मधे तो घुमट उभा केला, सुमारे ४५ मीटर रुंद, आणि खालून सेंटरिंग न लावता! एवढ्या उंचीवर एवढं लाकूड लावणार कुठून. त्यानं आत-बाहेर दोन कवच केले, आणि विटा अधूनमधून उभ्या लावत तिरके पट्टे केले म्हणजे चुना सुकेपर्यंत नव्या विटा घसरत नाहीत. चढताना त्या दोन कवचांच्या मधूनच जातो, विटांना हात लागतो. विजापूरचा गोल घुमट बघितला असेल तर त्याच तोलाचं काम, पण त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. खाली आल्यावर तो चर्च सारखीच असतात असं म्हणतो का ते मला कळवा.

आणि सिस्टीन? जा की परत. या वेळी सकाळचा पहिला स्लॉट, छोटी दुर्बीण, आणि कडेच्या बाकावर जागा मिळेपर्यंत दम धरा. फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे. सगळं छत बघायचं नाही. मधल्या पट्ट्यात प्रलयाचं चित्र शोधा, त्यात माणसं बारीक बारीक, गर्दी, खालून काही कळत नाही. ते त्यानं आधी केलं. मग त्याच्या लक्षात आलं असणार, कारण वेदीकडे सरकत जाल तसतशी माणसं मोठी आणि कमी होत जातात. म्हणजे तोही तिथे वर उभा राहून शिकत होता. हे एवढं दिसलं तरी तिकीट वसूल. उरलेल्या वेळात कलोसियमपासून दहा मिनिटांवर सान पिएत्रो इन विन्कोली, आत मायकेलअँजेलोचा मोझेस बसलाय, डोक्यावर दोन शिंगं, बोटं दाढीत गुंतलेली, तिकीट नाही. दुपारी चर्च बंद असतं तेवढं बघा.

बाकी किरकोळ. सोमवारी उफिझी आणि फ्लॉरेन्समधलं मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याचं म्युझियम दोन्ही बंद, व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, तेव्हा फुकट आणि झुंबड). १ नोव्हेंबरला तिथे मोठी सुट्टी असते, तुमच्या तारखा त्यात येतायत का बघा. सरकारी म्युझियममधे १८ च्या खालच्यांना फुकट, मुलीचा पासपोर्ट जवळ ठेवा. तिकिटं म्युझियमच्या स्वतःच्या साईटवरूनच, मी घाईत भलत्याच साईटवरून दुप्पट पैसे देऊन बसलेय. चर्चमधे खांदे-गुडघे झाकलेले हवेत, सासूबाईंच्या साडीला कुणी काही म्हणणार नाही, मुलीच्या शॉर्ट्सला म्हणतील.

आणि १ आणि २ युरोची नाणी पहिल्या दिवसापासून जमवायला लागा, कॉफीला कधी सुट्टे देऊ नका, नोटच द्या. सगळी नाणी सासूबाईंच्या बटव्यात. दिवा कधी लावायचा ते त्या ठरवतील.